सव्वा महिन्याची लापसी

मी ढेलचा तोबरा बोलतोय. ढेल ही घोडी, आणि तिच्या तोंडाला दाणा बांधायची लोकरीची पिशवी ती मी. घोडीबद्दल सगळं गाव बोलतं. पण तिच्या पोटात काय गेलं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, कारण ते आधी माझ्या पोटात होतं.

माझा जन्म लाखीमाच्या मांडीवरचा. ती रबारीण, मेंढ्या-बकऱ्या पाळणाऱ्यांतली, शेजारच्याच गल्लीतली. बकरीचे काळे केस आणि मेंढीची पांढरी लोकर पिळून तिनं मला विणलं, काठाला कवड्या लावल्या आणि या घरचे कर्ते आपा जेठसूर यांच्या हातात देताना म्हणाली, "आपा, पिशवी उसवली तर माझ्याकडं आणा. घोडा बिघडला तर मात्र मला बोल लावू नका." लाखीमाची जीभ अशीच. हात मात्र फार मऊ.

आपांकडे तेव्हा एक उमदा घोडा होता. आपा सकाळी त्याच्यावर बसायचे ते दिवस कलल्यावरच उतरायचे. शेत, जत्रा, सोयरीक, भांडण मिटवणं, सगळं त्याच्या पाठीवरून. संध्याकाळी माझ्यात काठोकाठ बाजरी आणि हरभरा पडायचा आणि घोडा तो मनापासून खायचा. कष्टानं मिळवलेला घास होता तो. पुढं घोडा म्हातारा होऊन गेला. दारात जीप आली. माझ्यात लसूण भरून मला स्वयंपाकघराच्या खुंटीला टांगलं. लसणाचं मला वाईट वाटलं नाही, पण लसूण काही श्वास घेत नाही. तोबऱ्याला श्वासाची सवय असते.

मग राजुबा या घरात सून म्हणून आली आणि तिच्या बापानं लेकीच्या पाठोपाठ ढेल पाठवली. रोझ्या, म्हणजे नीलगाईसारख्या करड्या रंगाची, कानांची टोकं एकमेकांना टेकतील अशी, चालायची तर लांडोरीसारखी. म्हणून नाव ढेल, म्हणजे लांडोरच. राजुबानं लसूण काढला, मला धुतलं, उन्हात वाळवलं आणि तबेल्यात आणलं. ढेलनं पहिल्यांदा माझ्यात तोंड घातलं आणि एक लांब फुंकर मारली. लसणाच्या वासानं शिंकली असेल. मला मात्र पुन्हा जन्मल्यासारखं झालं.

आमच्या घरची एक रीत सांगतो. इथली सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. डोईवरचा पदर तोंडावर ओढून ती घोडीशी बोलते आणि सासरा ऐकतो. सासराही उत्तर घोडीलाच देतो.

"ढेल, तुझ्या आपांना सांग, चहा निवतोय."

"ढेल, सांग तिला, कालच्यासारखा पातळ असेल तर निवूच दे."

राजुबाचा नवरा भाणभाई यावर हसायचा. "या घरात सगळ्यात जास्त काम घोडीला आहे," म्हणायचा. खरं तर घोडीला कामच नव्हतं. लग्नसराईत नवरदेव, दसऱ्याला एक दौड, एवढंच. बाकी वर्षभर ती दावणीला उभी आणि मी काठोकाठ भरलेला. जुन्या घोड्याचं माप तिलाही चालू होतं. आपा म्हणायचे, "घोडी उपाशी दिसली तर घराची अब्रू जाते." तिच्या मानेवर चरबीची वळी चढली तेव्हा लोक म्हणाले, काय कांती आहे.

राजुबा देवभोळी. मंगळवार धरायची, पौर्णिमा धरायची, खोडियार आईच्या दिव्याशिवाय तिच्या दिवसाला सुरुवात नव्हती. ढेलचं पहिलं शिंगरू पोटातच गेलं होतं. त्या दिवशी राजुबा तिच्या गळ्याला मिठी मारून बसली होती. पुन्हा ढेल गाभण राहिली तेव्हा तिनं आईला नवस बोलला: मायलेकरं सुखरूप सुटली तर शिंगरू सव्वा महिन्याचं होईपर्यंत रोज तुझ्या नावाची लापसी करीन, आणि पहिला घास या बाळंतिणीला भरवीन.

आईनं ऐकलं. वछेरी झाली, मादी शिंगरू, ढेलसारखीच रोझी, पाय नुसते काठ्या. राजुबानं त्याच दुपारी गव्हाचा भरडा तुपात भाजला, गूळ घातला आणि कोमट लापसी माझ्यात ओतली. पहिला घास म्हणता म्हणता पातेलंच. आणि वछेरी बघायला येणारा कुणी रिकाम्या हातानं आला नाही. कुणी गूळ, कुणी तूप-गुळाची सुखडी, कुणी बाजरीचा रोटला तूप चोळून. माझं अंग आतून चिकट झालं, मुंग्या लागल्या. ढेल मिटक्या मारत होती. सगळ्यांना वाटत होतं, माया पोहोचतेय.

नवस निम्मा झाला असेल, तेव्हा ढेल मागच्या पायांवर भार टाकून उभी राहायला लागली. पुढचे पाय लांब ठेवायची, जणू जमीन आपली नाही. चालवायला गेलं की हलायची नाही.

"लाडावलीय," आपा म्हणाले.

मंगळवारी राजुबा तिच्या खुरांना कुंकू लावायची. त्या मंगळवारी तिनं बोट टेकवलं आणि चटकन मागं घेतलं. मग पूर्ण पंजा ठेवला. चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखं खूर तापलं होतं. तिनं पदर सावरला आणि ढेलला म्हणाली, "सांग गं आपांना, हे लाड नव्हेत. डॉक्टरला बोलवा."

डॉक्टर कृपाबेन तालुक्याहून आल्या. उंच, सावळ्या, बोलायला तडक. त्यांनी खुरं दाबली, घोट्याजवळची नाडी पाहिली, मानेवरची वळी चिमटीत धरली आणि विचारलं, "हिला खायला काय घालता?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कृपाबेननी मला उलटा केला, वास घेतला. "ही घोडी आहे का मिठाईचं दुकान?"

आपा दुखावले. "बेन, आमच्या सात पिढ्या घोड्याच्या पाठीवर गेल्या."

"पाठीवर गेल्या, आपा, तेच सांगतेय. तुमचा घोडा दिवसभर चालायचा. ही दिवसभर उभी आहे, आणि वर गूळ. त्यानं खुराच्या आतलं अस्तर सुजलंय. आतलं हाड त्यालाच लटकून असतं. ते सुटलं, हाड खाली उतरलं, तर ही घोडी पुन्हा उभी राहणार नाही. मग मला वेगळं इंजेक्शन द्यावं लागेल."

वछेरी तेवढी दूध चोखत होती, चपचप.

कृपाबेननी औषध दिलं, बाकीचं समजावलं. दाणा बंद, गूळ बंद. सुकं गवत, तेही तासभर पाण्यात भिजवून आणि निथळून. दूध चालू आहे म्हणून मोजका लसूणघास आणि क्षारांची पूड. पायाखाली वाळू. खुरं बर्फाच्या पाण्यात. नालबंदाकडून खुरं कापून घ्यायची, आणि इथून पुढं दर दीड महिन्यानं, घोडी धडधाकट असली तरी. भाणभाई लगेच जीप घेऊन बर्फाच्या लाद्या आणायला गेला.

आणि राजुबापुढं डोंगर उभा राहिला. नवस अजून फिटला नव्हता.

आपा अंगणात खाटेवर बसून घोडीला ऐकवू लागले, "ढेल, आईला दिलेला शब्द आहे. तो मोडला आणि वछेरीला काही झालं तर?" हट्ट नव्हता तो, भीती होती. राजुबालाही तीच भीती. घास द्यावा तर घोडी जाते, न द्यावा तर आईचा शब्द. तिनं त्या दिवशी काही खाल्लं नाही. लापसी मात्र केली. पातेलं घेऊन तबेल्यात आली, ढेलनं मान लांब केली, नाकपुड्या फुलवल्या, आणि राजुबा पातेलं पोटाशी धरून तशीच उभी.

लाखीमा वाळू पसरायला आली होती. म्हणाली, "वहूबा, ते पातेलं एकतर खाली ठेव नाहीतर माझ्या घरी दे. माझ्या सुनेला पाचवा दिवस आहे, पान्हा कमी पडतोय आणि घरातला गूळ संपलाय."

राजुबा तिच्याकडं बघत राहिली. मग पदराआडून हसल्यासारखा आवाज आला. ढेलच्या कपाळावर हात ठेवून ती आपांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ढेल, तुझ्या आपांना सांग, मी आईला बाळंतिणीचा घास बोलले होते. बाळंतीण चार पायांची हवी का दोन पायांची, हे आईनं थोडंच बघायचंय? तिला दोघीही लेकीच. आणि तुझ्या वाटची आखडी मी घेते. तू आपल्या पायांनी आईच्या देवळापर्यंत चालत जाईपर्यंत मी गुळाला शिवणार नाही."

आपा खाटेवरून उठून तबेल्याच्या दाराशी आले. मग म्हणाले, "ढेल, सांग तिला, लापसीवर तूप जरा जास्त घाल म्हणावं. बाळंतीण आहे."

त्या दिवसापासून पातेलं लाखीमाच्या घरी जायला लागलं. मी रिकामा खुंटीला. ढेल माझ्याकडं बघून खिंकाळायची, आणि मला पिशवी असून पोटात तुटायचं. राजुबा तिच्या खुरांवर बर्फाचं पाणी ओतत बसायची, गुणगुणायची. पण ढेल हवी तशी सुधारेना. खुरं निवायची आणि पुन्हा तापायची.

कारण मला दिसत होतं. मला तोंड नव्हतं, एवढंच.

कृपाबेन पुन्हा आल्या. आपा शेजारी उभे होते. खुरं बघून कृपाबेनच्या कपाळाला आठी पडली. "गूळ चालू आहे का?"

"छे. घरात कुणी हात लावत नाही," आपा म्हणाले.

तेवढ्यात ढेलनं मान वळवली आणि सवयीनं ओठ आपांच्या अंगरख्याच्या खिशात घातले. आपा मागं सरकले. ती पुढं सरकली. दुखऱ्या पायांनी एक पाऊल टाकलं, तेही खिशासाठी.

"आपा, खिशात काय आहे?"

"तंबाखू."

ढेलनं खिशातून गुळाचा खडा काढला आणि सगळ्यांच्या देखत कुडुमकुडुम खाल्ला. भाणभाईला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात दडवलं. आपांची मान खाली गेली. "बघते कशी," ते हळूच म्हणाले. "एवढ्याश्यानं काय होतंय, वाटलं."

"गावातल्या प्रत्येकाला एवढंसंच वाटतं, आपा," कृपाबेन म्हणाल्या, पण हलक्या आवाजात. "तिच्या पोटात ते सगळं एकत्र होतं."

राजुबा रागावली नाही. तिनं मला खुंटीवरून काढलं, झटकलं, आणि आपांच्या खाटेवर, त्यांच्या शेजारी ठेवलं. "ढेल," ती म्हणाली, "आजपासून तुझा तोबरा आपांच्या हाती. त्यांच्या हातून जाईल तेवढंच तुझं. त्यांच्याइतकी माया दुसऱ्या कुणाची नाही, म्हणून त्यांनाच सांगतेय."

आपांनी मला मांडीवर घेतलं. पुष्कळ वेळ माझ्या कवड्या चाचपत राहिले.

मग काय विचारता. कुणी सुखडी घेऊन आलं की आपा काठी टेकत दारात. "घोडीला? आण इकडं, मी खातो." पाव्हण्यांना नवल वाटायचं, लाखीमाला नाही. "आपांना आता गाभण समजतील लोक," ती म्हणायची. आपा स्वतः गवत भिजवायचे, निथळायचे, माझ्यात भरायचे. पाण्याची कुंडी रोज घासायला लावायचे. नालबंदाचा दिवस त्यांना एकादशीसारखा लक्षात राहायला लागला. खुरं थंड पडली. आधी वाळूवर दोन पावलं, मग अंगणभर, मग पाऊस सरून वाट वाळल्यावर शेताच्या बांधापर्यंत, पुढं आपा आणि मागं ढेल. दोघांचीही पोटं उतरली.

माघातल्या अष्टमीला आईच्या जन्मदिवशी ढेल देवळापर्यंत चालत गेली. पाठीवर कुणी नाही. बाजूला वछेरी उड्या मारत, मी आपांच्या खांद्यावर. एकदाही लंगडली नाही. पायरीपाशी पुजाऱ्यानं प्रसादाची लापसी ढेलपुढं केली, "घ्या, आईनं राखली हिला." ढेलनं मान लांब केली. मी श्वास रोखला.

आपांनी हात जोडले, तिच्या तोंडाआड आपली ओंजळ धरली आणि म्हणाले, "महाराज, तिच्या वाटचा प्रसाद माझ्या हातावर द्या. तिला आईनं पाय दिलेत, तेवढं पुष्कळ आहे." मग ओंजळीतला निम्मा त्यांनी पानावर काढला, मागं न बघता राजुबाच्या दिशेनं सरकवला, आणि ढेलला म्हणाले, "सांग गं तुझ्या राजुबाला, आखडी सोड म्हणावं. किती दिवस बिनगुळाची राहणार पोर."

पदराच्या आत राजुबा रडत होती का हसत होती, ते मला कवड्यांच्या डोळ्यांनी दिसलं नाही. पण तिनं तो घास कपाळाला लावून खाल्ला.

मी आता जुना झालोय. एका बाजूला लाखीमानं ठिगळ लावलंय, ठिगळ माझ्यापेक्षा देखणं आहे. रोज सकाळी माझ्यात गवत असतं, वर क्षारांची चिमूट. दौडीच्या दिवसांत मूठभर हरभरा, आपा स्वतः मोजून देतात. वछेरी माझ्यात तोंड घालायला शिकतेय.

तुमच्या दारी घोडा असेल तर त्याला नमस्कार करा, कुंकू लावा, त्याच्यासाठी देवाला नवसही बोला. फक्त मला भरण्याआधी रोज एकदा खाली वाका आणि त्याचं खूर हातात घ्या. ते गार असलं की समजा, तुमची माया त्याला मानवलीय.