अजून एकवीस दिवस

मित्रांनो, तपकिरी काचेची बाटली पाहिली की तुम्हाला खोकल्याचं औषध आठवत असेल. मी दिसते तशीच, पण माझ्यात औषध कधीच नव्हतं. गोजे बेटावर गीतेक नावाच्या एका निवृत्त वेल्डरच्या कपाटात माझं आयुष्य गेलं. वाफेच्या नळीत, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, घालायचा रस तो माझ्यात मुरवत असे. त्या रसात निकोटीन असतं आणि ते विष आहे. तुम्ही मुलांनी त्याच्या वाटेलाही जाऊ नये, हे आधीच सांगून ठेवते.

गीतेकने गोदीत तीस वर्षं जहाजांची पोलादी पाठ जोडली आणि तेवढीच वर्षं सिगारेट ओढली. नात झाली तेव्हा कपड्यांना वास मारतो म्हणून सुनेने बाळ त्याच्या हातात दिलं नाही. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. त्याने सिगारेट टाकली, वाफेची नळी धरली आणि रसही घरीच बनवायला घेतला. आमच्याकडे या उद्योगाला गमतीने 'किमची घालणं' म्हणतात, कारण कोबीच्या त्या मुरवलेल्या लोणच्यासारखी यातही घाई चालत नाही. ताजा रस घशाला टोचतो. अंधारात ठेवावा, रोज हलवावा, तीन-चार दिवसांनी झाकण उघडून उग्र वास जाऊ द्यावा, तेव्हा कुठे स्वाद एकजीव होतो. फळांच्या स्वादाचा रस आठवड्यात तयार होतो. दुधाच्या स्वादाला मात्र महिना लागतो.

गीतेकची बायको यंजा म्हणायची, "अहो, आपल्या पोरांना कधी इतकं जपलं नाहीत!"

तो हसायचा आणि मला पुन्हा मोज्यांच्या मागे ठेवायचा. खरं सांगते, मला तेव्हा फार अभिमान वाटे.

दोकसू हा त्याचा गोदीतला जोडीदार. एकाने पत्रा धरायचा, दुसऱ्याने जोडायचा, अशी दोघांची उमर गेली. दोकसूची सिगारेट काही सुटेना. त्या वर्षी नोव्हेंबरच्या एक तारखेला गीतेकने खास त्याच्यासाठी माझ्यात भाजलेल्या रताळ्याचा आणि दुधाचा स्वाद घातला. लहानपणी दोकसूची आई बाजारात रताळी भाजून विकत असे. चिठ्ठीवर गीतेकने तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'दोकसू. तीस दिवस.'

नवव्या दिवशी सकाळी दोकसू दारात उभा राहिला. तो बराच वाळला होता. गीतेक तेव्हा मला हलवत बसला होता.

"झालं का रे माझं रताळं?" दोकसूने विचारलं.

"कुठलं होतंय! अजून एकवीस दिवस."

"एकवीस? लेका, जहाज लवकर होईल तयार. गरम पाण्यात ठेव की जरा, लोक ठेवतात म्हणे."

"लोक ठेवतात आणि चव घालवतात. तुला कच्चं ओढायला दिलं तर उद्या तूच शिव्या घालशील."

दोकसू हसला. हसता हसता त्याला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. गीतेक मला उजेडाकडे धरून रंग पाहत होता. "बघ, आत्ता कुठे पिवळा होतोय," तो म्हणाला. दोकसूने खिशातून घडी घातलेला एक कागद अर्धा बाहेर काढला होता. त्यावर इस्पितळाचा शिक्का होता. तो मला दिसला, गीतेकला नाही. दोकसूने कागद पुन्हा आत सरकवला, हवापाण्याच्या दोन गोष्टी केल्या आणि उठला.

"एवढ्यात निघालास? कॉफी तरी घे."

"नको. पुन्हा येईन. मुरू दे तुझं."

चोविसाव्या दिवशी फोन आला. गीतेक काळा कोट चढवून निघाला आणि जाताना त्याने मला खिशात घालून घेतलं. का, ते त्यालाही ठाऊक नसावं. इस्पितळाच्या तळघरातल्या शोकगृहात पांढऱ्या शेवंतीच्या मधोमध दोकसूचा फोटो होता. गीतेकने दोनदा जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार केला. मग दोकसूची बायको मालसून त्याच्यासमोर, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वाढतात तसा, गरम रश्श्याचा वाडगा ठेवून बसली.

"वहिनी, मला कुणी सांगितलं का नाही?"

"भावजी, फुप्फुसाच्या कॅन्सरचं कळलं त्या दिवशी ते सरळ तुमच्याकडेच आले होते. म्हणाले, आधी गीतेकला सांगतो, मग पोरांना."

"मग बोलला का नाही?"

मालसूनने पदार्थांच्या ताटल्या उगाच इकडच्या तिकडे केल्या. "घरी येऊन म्हणाले, तो माझ्यासाठी काहीतरी करण्यात रंगला होता, त्याचा विरस कशाला करायचा."

गीतेकने चमचा खाली ठेवला. त्याने मला खिशातून काढलं आणि वहिनींना दाखवलं. कोटाच्या बाहीत तोंड खुपसून तो रडला. मालसून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू गेलेलं माणूस त्याच्याच घरातलं होतं.

तिसाव्या दिवशी त्याने माझं झाकण उघडलं. रस चहासारखा तांबूस झाला होता. खोलीभर भाजलेल्या रताळ्याचा वास पसरला. यंजा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच थांबली. गीतेकने एक थेंबही चाखला नाही. झाकण घट्ट लावून त्याने मला कपाटात ठेवलं आणि त्यानंतर पुन्हा कधी रस बनवला नाही.

आज त्याला अकरा वर्षं झाली. रस काळपट पडला आहे, चिठ्ठीवरची शाई फिकी झाली आहे. आता मला कुणी हलवत नाही. यंजा धूळ पुसते आणि होती तिथेच ठेवते.

मित्रांनो, एवढंच मागते. कुणी दारात येऊन उगाच इकडचं तिकडचं बोलू लागलं, तर हातातली वस्तू खाली ठेवा. त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा आणि विचारा, "काय झालं रे?" मला तोंड होतं, पण विचारता आलं नाही.