नितळबाबाची राख

नितळबाबाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाबाने काचेच्या नळीत कुणाच्या तरी लेकराची लघवी घेतली, चिमूटभर राख टाकली, दिव्यावर उकळली आणि नळी उंच धरली. पाण्यासारखी नितळ!

"मूत्रपिंडं धुऊन निघाली!" टाळ्यांनी छप्पर दणाणलं.

मागच्या रांगेत एक शिवणकाम करणारी बाई पाच वर्षांच्या चिमीला मांडीवर घेऊन बसली होती. चिमीच्या लघवीतून प्रथिनं वाहून जायची आणि अंग सुजायचं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या. शिवाय रोज सकाळी लघवी उकळून त्यात व्हिनेगरचे दोन थेंब टाकायला शिकवलं होतं. पांढरं साकळलं की आजार उलटला, धावत यायचं. आई हे इमानेइतबारे करत होती. पण गोळ्यांनी पोरीचा चेहरा गोल गरगरीत झालेला, गल्लीतली पोरं 'भोपळा' म्हणून चिडवायची. आईचा जीव तुटायचा.

"गोळ्या बंद!" बाबाने फर्मावलं. "राख टाकून उकळा. व्हिनेगरला हात लावू नका, आंबटाने राखेची शक्ती मरते."

वा रे शक्ती! दोन थेंबांना भिणारी!

आईने गोळ्या थांबवल्या आणि बाबाची राखेची पुडी घरी नेली. रोज सकाळी नळी नितळ. आईला आनंदाने रडू यायचं. दहाव्या दिवशी चिमीचे डोळे सुजले, मग पाय चपलेत जाईनात.

"आजार बाहेर पडतोय, माउली," बाबा म्हणाला. "नळी खोटं बोलते का?"

पुढे ताप चढला, पोट फळीसारखं कडक झालं, तेव्हा आई दवाखान्यात धावली. डॉक्टरीणबाईंनी आधी सलाइन लावलं, मग विचारलं, "नळीत काहीच दिसलं नाही?"

"नितळ होतं हो, शपथ!" आईने राखेची पुडी पुढे केली.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी अंड्याचा पांढरा बलक पाण्यात कालवून दोन नळ्यांत घेतला. एकीत राख टाकली आणि दोन्ही उकळल्या. साधी नळी दुधासारखी झाली, राखेची नितळच राहिली.

"राखेत धुण्याचा सोडा मिसळलाय. सोडा असला की प्रथिनं उकळूनही साकळत नाहीत. आता व्हिनेगर टाका."

आईने थेंब टाकले. फेस आला आणि नितळ नळी पांढरीफटक झाली.

"म्हणजे रोज सकाळी..."

"रोज सकाळी आजार तिथेच होता."

पोटात पसरलेला संसर्ग आवरला नाही. चौथ्या दिवशी चिमी गेली.

महिन्याने आई पुन्हा हॉलमध्ये आली. बाबाने नळी उंच धरताच तिने ती हिसकावली आणि व्हिनेगरची बाटली उपडी केली. नळी सगळ्यांदेखत पांढरी झाली.

"नजर लावली हिने!" बाबा किंचाळला.

"नजर नाही, व्हिनेगर आहे. घरी करून बघा." आई रांगांकडे वळली. "लेकरू सुजलेलं दिसतंय ना? मग आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. आणि जी तपासणी करू नका म्हणून सांगतात, ती आधी करा. मी केली नाही. माझी पोर गेली."

पुढच्या रांगेतली एक बाई सुजलेल्या मुलाला कडेवर घेऊन उठली.

"दवाखाना उघडा असेल का आत्ता?"

"उघडाच असतो," आई म्हणाली. "चला, मी येते सोबत."