पताका

उताणं पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही, छत दिसतं. म्हणून भिंतीच्या पाच मीटर आधी पाण्यावर पताकांची दोरी बांधतात. पताका डोक्यावरून गेल्या की माझे चार हात, मग भिंत. कॉलेजची तीन वर्षं याच हिशोबावर मी बॅकस्ट्रोकची प्रत्येक स्पर्धा जिंकले.

शेवटच्या फायनलला दुसऱ्याच हाताला भिंत आली. मनगटाचा चुरा झाला आणि देशाच्या संघातली जागा गेली. क्रीडा संचालक दवाखान्यात येऊन म्हणाले, "घाई केलीस पोरी. अंदाज चुकला." मी घसा फोडून सांगितलं की माझं मोजणं चुकत नाही. पण नंतर मोजलं तेव्हा पताका बरोबर पाच मीटरवर होत्या, आणि खोटी मी ठरले. आईसुद्धा तेच म्हणायची, "चुकतं गं माणूस. सोड आता." इतकी वर्षं जेवणाबरोबर मी ते वाक्य गिळत आले.

माझा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, म्हणून आज त्याच तलावावर मी प्रमुख पाहुणी. मला यायचं नव्हतं. आई म्हणाली, मानानं बोलावलंय, नाही कसं म्हणायचं. पलीकडच्या भिंतीवर माझ्या चेहऱ्याचा दाराएवढा फलक लावला होता. पहिलीच शर्यत मुलींची बॅकस्ट्रोक. मुली पाण्यात उतरल्या होत्या. मी सवयीनं वर पाहिलं, तर पताका जवळजवळ भिंतीला टेकलेल्या.

"पताका कुणी सरकवल्या?" मी विचारलं.

संचालक हसले. केस पिकलेत, हसू तेच आहे. "अहो मॅडम, फलकावरच्या तुमच्या तोंडावर येत होत्या. फोटोग्राफर कुरकुरत होता. फोटो झाला की नेऊ परत."

"शर्यत आत्ता आहे."

"एका शर्यतीनं काय होतंय? आम्ही नेहमीच करतो. तुमच्या फायनललाही मंत्र्यांच्या फोटोसाठी सरकवल्या होत्या. तुम्हाला तरी कळलं का?"

हे बोलताना ते चहा ढवळत होते. मंत्र्यांचा फोटो लक्षात होता, माझं मनगट साफ विसरले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा कप पाण्यात भिरकावून द्यावा असं वाटलं, पण आधी पताका.

"मुलींना बाहेर घ्या," मी शिट्टीवाल्याला सांगितलं, चपला काढल्या आणि पताकांची दोरी बांधलेल्या खांबाला हात घातला. उजवी मूठ आता नीट वळत नाही, म्हणून डाव्या हातानं आणि खांद्यानं ढकलला. समोरचा खांब एका मुलीनं ओढला. टेप लावून पाच मीटर मोजले. दोरी ताणली तेव्हा फलकावरच्या माझ्या नाकाडोळ्यांवर पताका आल्या. फोटोग्राफरनं कपाळाला हात लावला.

संचालक धावत आले. "मॅडम, लोक बघतायत. झालं ते झालं. आता उकरून काय मिळणार?"

माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून आईनं सगळं ऐकलं होतं. साहेब लोकांसमोर ती कधी तोंड उघडत नाही. ती उठली, स्टँडवरचा माइक काढला आणि संचालकांच्या हातात दिला.

"चुकतं माणूस," ती म्हणाली. "मीही चुकले, हिलाच खोटं ठरवलं. आता अंदाज कुणाचा चुकला होता ते तुम्ही सांगा. मोठ्यानं सांगा, माझी मुलगी ऐकतेय."