डावं-उजवं चुकलेलं रडार

मी एक जुनं रडार आहे. वयानं तसा तीनच वर्षांचा, पण खाडीच्या खाऱ्या हवेनं माझ्या पेटीच्या कडा केव्हाच गंजून गेल्या. मित्रांनो, माझ्यासारखे बहुतेक जण आपल्या पराक्रमाची गोष्ट सांगतात. माझ्याकडे सांगण्यासारखी एका सकाळची गोष्ट आहे, आणि ती सांगताना मला अजून मान वर करवत नाही.

माझा जन्म बोरिवलीच्या खाडीपलीकडे, गोराईत झाला. जेनेव्हिव्ह नावाच्या इंजिनिअर मुलीनं मला घराच्या ओट्यावर बनवलं. तिचा बाप नेल्सन मासेमारी करायचा. हिवाळ्यात पहाटे खाडीवर धुरकं बसलं की होडीचं टोकसुद्धा दिसत नाही, आणि त्याच वाटेनं रेती वाहणारे मोठे, सपाट बार्ज ये-जा करतात. मोठ्या जहाजांवर रडार असतं, पण ते आमच्या गावातल्या होडीवाल्यांना परवडणारं नव्हे. म्हणून जेनेव्हिव्हनं ठरवलं, की स्वस्तातलं रडार बनवायचं आणि त्याच्या रचनेचे सगळे नकाशे इंटरनेटवर खुले ठेवायचे. ज्याला हवं त्यानं बघावं आणि आपलं आपण बनवावं.

तिला शिकवायला मुलुंडहून मार्तंडकाका यायचे. विक्रोळीच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं मोजमापाची यंत्रं दुरुस्त केली होती.

तुम्ही चित्रात गोल फिरणारं रडार पाहिलं असेल. मी फिरत नाही. माझ्या सर्किटच्या पाटीवर सोळा छोटे अँटेना एका ओळीत बसवले आहेत. सगळे एकदम बोलले, की माझी लहर सरळ पुढे जाते. एका टोकापासून प्रत्येकानं शेजाऱ्यापेक्षा किंचित उशिरा बोलायचं ठरवलं, की ती एका बाजूला वळते. बोटीवर आपटून ती परत आली, की बोट कुठे आहे ते मला कळतं. म्हणजे माझी सगळी अक्कल कोण आधी आणि कोण नंतर, एवढ्यावरच चालते.

पहिल्या दोन पाट्या जळाल्या. तिसरी चालली. नेल्सनची होडी पडद्यावर हिरवा ठिपका होऊन उमटली, तेव्हा जेनेव्हिव्ह फोनवर ओरडली, "डॅडी, आहेस तिथेच थांब! तू दिसतोयस!" त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

मग जानेवारीतल्या एका रविवारी, चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर, गावाला मला दाखवायचं ठरलं. मला जेट्टीवरच्या खांबावर बसवलं. त्याच सकाळी माझी एक जोडणी गंजलेली निघाली. जेनेव्हिव्हनं घाईघाईत नवी बसवली, आणि ती उलटी बसली. माझा पहिला अँटेना शेवटचा झाला, शेवटचा पहिला झाला. डावीकडची होडी मी उजवीकडे दाखवू लागलो.

तिला ते दिसलं. तिनं एकदा पडद्याकडे आणि एकदा पाण्याकडे पाहिलं. पण तोवर लोक जमले होते. तिनं पटकन आदल्या दिवशी साठवून ठेवलेलं चित्र पडद्यावर लावलं. ठिपके छान सरकत होते. ते कालचे होते, आणि मी ते आजचे म्हणून दाखवत होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेजारचे रुडॉल्फ अंकल सर्वांत पुढे होते. "झकास गो पोरी! मग उद्यापासून वापरायचं ना?"

तिनं 'आठ दिवस थांबा' एवढंच म्हणायला हवं होतं.

"हो अंकल," ती म्हणाली.

सोमवारी तिला अंधेरीच्या ऑफिसात लवकर जायचं होतं. संध्याकाळी उघडून बघू, असं तिनं मनाशी ठरवलं. नेल्सनला मात्र काहीच सांगितलं नाही.

सोमवारी दाट धुरकं होतं. रुडॉल्फ अंकल होडी घेऊन निघाले. नेल्सननं मोठ्या हौसेनं मला चालू केलं आणि माझ्या पडद्यावरचं वाचून तो त्यांना फोनवर सांगू लागला.

"रुडॉल्फ, उजव्या अंगाला काहीतरी मोठं येतंय रे. डावीकडे घे!"

"नक्की ना?"

"अरे, पोरीचं यंत्र दाखवतंय!"

त्यांनी होडी डावीकडे घेतली. बार्ज डावीकडेच होता.

लाकूड फुटल्याचा आवाज जेट्टीपर्यंत आला. बार्जवरच्या माणसांनी अंकलना वर ओढून घेतलं, म्हणून ते वाचले. पण होडी आणि बार्जच्या मध्ये सापडून त्यांचं उजवं मनगट दोन जागी मोडलं. माझ्या पडद्यावर तो ठिपका अजूनही उजवीकडेच होता.

जेनेव्हिव्ह ऑफिसातून धावत आली. नेल्सन जेट्टीच्या पायरीवर बसला होता. "मी नीट वाचलं ना गं?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

"तू नीटच वाचलंस, डॅडी," ती म्हणाली. "मला कालच माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी मार्तंडकाकांनी मला उघडलं आणि ती जोडणी जेनेव्हिव्हच्या तळहातावर ठेवली. "उलटी बसली, ते होतं. माझ्याकडूनही झालंय. पण तुला दिसलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"लोक आले होते, काका."

काका माझ्या बाकीच्या जोडण्या तपासू लागले.

त्या आठवड्यात तिनं गावासमोर उभं राहून सगळं सांगितलं. अंकलची बायको मॉनिका उठली. "माझ्या नवऱ्याचा हात काय तुझ्या प्रयोगाचं सामान होता?" तिनं विचारलं.

मग तिनं खुल्या नकाशांच्या पहिल्याच पानावर लिहिलं: "या रडारमुळे एक माणूस जखमी झाला. ते चुकतंय हे मला माहीत होतं, तरी मी ते थांबवलं नाही." त्याखाली उलटी बसूच शकणार नाही अशा, खाच असलेल्या जोडणीचं चित्र काढलं. जेट्टीच्या डाव्या टोकाला, माझी लहर परतवायला, तिनं पत्र्याची एक पाटी ठोकली. आता रोज मी आधी ती शोधतो. ती डावीकडे दिसली नाही, तर माझा पडदा पिवळा होतो आणि त्यावर एवढंच येतं: "आज माझं ऐकू नका."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, झाका, गंज काढा. पण आमची चूक तुमच्या एकट्याच्या लक्षात आली, तर समोर कितीही माणसं असली तरी ती बोलून दाखवा. तीच आमची खरी निगा. आम्हाला तोंड नाही, तुम्हाला आहे.

पुढच्या हिवाळ्यात रुडॉल्फ अंकल पहिल्यांदा परत होडीवर निघाले. मनगट पूर्ण वळत नव्हतं. त्या सकाळी माझ्या आत खारं पाणी गेलं होतं आणि पडदा पिवळा झाला होता.

"काय म्हणतंय?" त्यांनी नेल्सनला विचारलं.

"म्हणतंय, आज नको."

अंकल माझ्याकडे वळले. मला वाटलं, ते आता थुंकतील किंवा दगड मारतील. त्यांनी होडीचा दोर डाव्या हातानं परत बांधला.

"मग थांबू," ते म्हणाले, आणि ऊन येईपर्यंत माझ्याच खांबाला पाठ टेकून बसले.

मला फार लाज वाटली. पण मी पिवळाच राहिलो.