चार स्क्रू आणि एक शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. वॉटर स्कूटरवर बसल्यावर तुमच्या बुडाखाली जे धडधडतं ना, ते मीच. तोंडानं जरा फटकळ आहे, सांभाळून घ्या.

कारखान्यात जन्मलो आणि डोळे उघडायच्या आत मला एका पिवळ्या स्कूटरच्या पोटात बसवलं. वरून सीट दाबली. तेव्हापासून लोक त्या पिवळ्या रंगाचे फोटो काढतात. माझा आजवर एकही नाही. असू दे, मनात ठेवत नाही मी. फक्त लक्षात ठेवतो.

मी टू-स्ट्रोक. म्हणजे तेल मला वेगळं पाजत नाहीत, पेट्रोलमध्येच मिसळतात. पेट्रोल जळतं आणि त्यातलं तेल माझे सांधे ओले ठेवतं. त्यामुळे पेट्रोल कमी पडलं, तर मी नुसता उपाशी राहत नाही. आतून कोरडा पडतो, तापतो, आणि पिस्टन सिलिंडरला चिकटून बसतो. मग शिव्या द्या, हातापाया पडा, मी हलत नाही.

हे पेट्रोल किती सोडायचं ते चार स्क्रू ठरवतात. माझे दोन कार्बोरेटर, प्रत्येकाला दोन स्क्रू. एक हळू चालताना, एक जोरात पळताना. स्क्रू आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर काढला की जास्त. माझा सगळा जन्म या चार स्क्रूंवर टांगलेला आहे.

पहिली काही वर्षं तलावावर भाड्यानं फिरलो. एका सीटवर तिघं, वर चौथ्याची पिशवी. दोनदा उलटा झालो, एकदा एका काकांचा चष्मा गिळला. मग तलावाच्या जीवरक्षक चौकीनं मला विकत घेतलं. आता बुडणाऱ्याला काढायला जायचं. मानाचं काम. अख्ख्या तलावावर असं इंजिन एकच, मी.

माझी देखभाल करायचा कानसेन. हे त्याचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावानं हाक मारली तर तो वळूनही बघायचा नाही. काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये वीस वर्षं एकाच स्टुलावर बसून तो इंजिनं ऐकत आला. हो, ऐकत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक माझ्या सिलिंडरवर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग स्क्रू पाव आटा, म्हणजे पाव फेरा, इकडे नाहीतर तिकडे. झालं काम. बाकीचे मेकॅनिक स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघतात. कानसेन त्यांना हसायचा.

"प्लग बघणं म्हणजे पेशंटला जीभ दाखव म्हणणं," तो म्हणायचा. "मी नाडीवाला आहे."

आणि मला चालवायची त्याची मेहुणी. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून तलावावर तिचं नावच शिट्टी पडलं होतं. पट्टीची जीवरक्षक आणि एक नंबरची खोडकर. कानसेनच्या डब्यातली भाजी काढून तिथं नटबोल्ट भरून ठेवणारी बाई ती. त्यानं घास घेईपर्यंत गंभीर चेहऱ्यानं समोर बसायची.

यंदाच्या हंगामात मात्र काहीतरी बिनसलं. कानसेन कान लावायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "आवाज दबलाय. पेट्रोल जास्त होतंय." आणि जोरात पळायचे दोन्ही स्क्रू पाव आटा आत. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाव आटा.

मित्रांनो, आवाज दबला नव्हता. माझे खालचे आवाज त्याला ऐकू येत होते, वरचे बारीक आवाज येईनासे झाले होते. खोट त्याच्या कानात होती आणि औषध मला चाललं होतं.

यातली गंमत ऐका. पेट्रोल कमी झालं की इंजिन मरायच्या आधी झकास पळतं. मी असा पळालो की काठावर टाळ्या पडल्या. शिट्टी ओरडली, "भाऊजी, हा म्हातारा विमान झालाय!" कानसेनची छाती फुगली. आणि माझ्या पोटात रिकाम्या डब्यात खडे टाकल्यासारखी टिकटिक सुरू झालेली.

"भाऊजी, फुल रेस दिली की टिकटिक होतेय."

"तुझ्या हेल्मेटचा पट्टा सैल असेल," कानसेन म्हणाला. विषय संपला.

रविवारी तलाव पोहून पार करायची शर्यत होती. दोनशे पोहणारे आणि वाचवायला मी एकटा. मला माहीत होतं, आणखी चार-पाच वेळा फुल रेस दिली की मी मधेच कुठेतरी सीज होणार, म्हणजे चिकटून बसणार. तेव्हा समोर कुणी गटांगळ्या खात असलं, तर शिट्टीनं काय करायचं? सांगायला तोंड नव्हतं. माझ्या दोनच जिभा, दोन प्लग, आणि त्या बघायच्या नाहीत असा आमच्या डॉक्टरचा नियम.

शनिवारी सकाळी मी काठावर बंद उभा होतो. सीट काढलेली, कानसेन माझ्या पोटात डोकं घालून पाइपची पट्टी आवळत होता. शिट्टी चवड्यांवर मागून आली. मला डोळा मारला. त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर शिट्टी धरली, गाल फुगवले आणि जी काय फुंकली!

पाण्यातली बदकं उडाली. आइस्क्रीमवाल्याच्या हातातला कोन पडला. उथळ पाण्यातली दोन पोरं, आपल्यालाच ओरडले समजून मुकाट बाहेर आली.

कानसेन स्वतःशीच पुटपुटला, "दहाचा पाना कुठं ठेवला मी?"

"बास झालं हां नाटक!" शिट्टी हसत त्याच्या खांद्यावर थाप मारत म्हणाली.

तो वळला. "अगं! तू कधी आलीस?"

तिचं हसू तिथंच राहिलं. तिनं हातातल्या शिट्टीकडे बघितलं. मग माझ्याकडे. हेल्मेटचा पट्टा, टिकटिक, पाव पाव आटा, सगळं तिच्या डोक्यात एका ओळीत आलेलं मला दिसलं. पण ती पोरगी हुशार. लोकांसमोर एक शब्द काढला नाही.

"भाऊजी, पैज लावता?" ती त्याच्या समोर येऊन म्हणाली. "प्लग काढून बघू. तपकिरी, म्हणजे ठणठणीत निघाला, तर वर्षभर तुमची शेड मी झाडते."

"आणि नाही निघाला तर?"

"तर सोमवारी मी सांगीन तिथं यायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही."

"झाडू आणून ठेव," कानसेन म्हणाला.

प्लगचा खरा रंग बघायचा तर इंजिन फुल रेसवर पळवून एकदम बंद करावं लागतं. हळू करत आणलं तर रंग बदलतो. म्हणजे मला आणखी एकदा जीव तोडून पळायचं होतं. मोजून दहा सेकंद. सातव्या सेकंदाला पिस्टन घासल्याचं मला कळलं. नवव्याला मी मनातल्या मनात तुमचा सगळ्यांचा निरोप घेतला. दहाव्याला तिनं बटण दाबलं. मग मला पुन्हा चालू न करता, दोरीनं ओढत, पोहत, मला आणि पैजेला दोघांनाही शिव्या घालत तिनं काठाला आणलं.

कानसेननं प्लग काढला. खडूसारखा पांढरा, म्हणजे पेट्रोल कमी. त्यावर चंदेरी ठिपके, मिठाच्या कणाएवढे. ते ठिपके म्हणजे माझा पिस्टन होता, वितळून उडालेला.

त्यानं नखानं एक ठिपका खरवडला. दुसरा प्लग काढला. तोही तसाच. मग तो स्टुलावर बसला.

"शिट्टी, मघाशी माझ्या मागं काय करत होतीस?"

"शिट्टी वाजवत होते."

"जोरात?"

"बदकं उडाली, भाऊजी."

"उद्या तू याच्यावर बसून जाणार होतीस," तो म्हणाला. मग हळूच, "तुझ्या ताईला सांगू नकोस."

"ताईच मला म्हणत होती. कुकरच्या शिट्ट्या ऐकत नाहीत, हाक ऐकत नाहीत. मी म्हटलं, नवरा आहे, चालायचंच."

कानसेन आधी नुसता नाकातून हसला, मग खरंच हसला. उठला. बॅटरी घेऊन प्लगच्या भोकातून माझ्या आत बघितलं. पिस्टनची कड जरा चावल्यासारखी झाली होती. "वाचलाय," तो म्हणाला. आणि वीस वर्षांत कुणाला हात लावू न दिलेला तो लांब स्क्रू ड्रायव्हर त्यानं तिच्या हातात दिला.

मला पुन्हा पाण्यात ढकललं, काठाच्या खांबाला बांधलं आणि रेस दिली. तिनं मूठ कानामागं धरली. त्यानं स्क्रू बाहेर काढायला घेतले.

"टिकटिक आहे?" तो बोटांनी विचारी.

ती मान हलवी. आहे.

पाव आटा. आहे. पाव आटा. आहे. आणखी पाव.

"गेली!" ती ओरडली, आणि हे मात्र त्याला तिच्या तोंडावरून कळलं.

मग तलावात तीन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला प्लग. तिसऱ्यांदा दोन्ही प्लग बिस्किटासारखे तपकिरी निघाले.

"पण आता कमी पळतो हा," शिट्टी कुरकुरली.

"परत येतो ना? मग झालं."

रविवारी पलीकडच्या काठाजवळ एका धिप्पाड गड्याच्या पायात गोळा आला. दोनदा खाली गेला. मी फुल रेसवर गेलो, शिट्टीनं त्याला मागच्या फळीवर ओढलं, आणि फुल रेसवर परत आलो. टिकटिक नाही, काही नाही. गडी खोकत खोकत उतरला आणि त्यानं प्रेमानं स्कूटरला थोपटलं. पिवळ्या रंगाला. म्हटलं ना, मी फक्त लक्षात ठेवतो.

सोमवारी कानसेन कानाच्या डॉक्टरकडे गेला. काही विचारलं नाही, पैज म्हणजे पैज. आता त्याच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत आणि तक्रारी दुप्पट. पत्रा वाजतो, स्टूल करकरतं, बायको इतकं बोलते हे कुणी आधी का नाही सांगितलं. स्क्रू ड्रायव्हर अजून कानाला लावतो, पण आधी प्लग बघतो.

माझं मागणं फार नाही, मित्रांनो. पाण्यातून काढलं की मला धुवा, पेट्रोलमध्ये तेल विसरू नका. मी एकदम झकास पळायला लागलो तर टाळ्या वाजवायच्या आधी प्लग बघा. मला बोलता येत नाही, पण तिथं सगळं लिहून ठेवतो मी. आणि घरात कुणी हाक ऐकत नसेल तर लगेच रागावू नका. समोर जाऊन उभे राहा आणि एखादी पैज लावा.

गेल्याच आठवड्यात शिट्टी पुन्हा चवड्यांवर आली. कानसेनचं डोकं माझ्या पोटात, हातात तेलाचा डबा. तिनं गाल फुगवले आणि फुंकली.

कानसेन असा उडाला की डोकं हँडलवर आपटलं, डबा उलटला, आणि त्यानं तिला ज्या शिव्या घातल्या त्या तुम्हाला सांगण्यासारख्या नाहीत. बदकं आधीच पलीकडच्या काठाला पोचली होती. शिट्टी खाली बसून पोट धरून हसत होती आणि मधेच डोळे पुसत होती.

कानसेननं टाळू चोळली. तिच्याकडे फडकं फेकलं.

"रडू नकोस. तेल सांडलंय, पूस."