शेजारी म्हणजे कोण?

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्हाला शाळा आठवते. मी विद्यापीठातला. म्हणजे माझ्यावर चुका जरा मोठ्या लिहिल्या जातात.

सुताराने चार फळ्या जोडून मला बनवलं, काळा रंग दिला आणि गणित विभागात टांगलं. वीस वर्षं खडू खाल्ला. "याच्यावर अक्षर उठून दिसतं," असं कौतुकही ऐकलं. मग पांढरे, गुळगुळीत फळे आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे माझ्यावर लोक ओल्या छत्र्या टेकवायचे.

पुढे वेगवेगळ्या विभागांची माणसं एका खोलीत बसवायचं ठरलं. नव्या फळ्याची मंजुरी येईना, तेव्हा माझी आठवण झाली. त्या खोलीत गणिताचे सर होते, साथींचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. थोड्या दिवसांनी समाजशास्त्राची संशोधक ताई आली. एका वस्तीत ताप कोणाकडून कोणाकडे जातो, हे त्यांना शोधायचं होतं. माणूस म्हणजे ठिपका, संबंध म्हणजे रेघ. माझ्या अंगावर रोज जाळं विणलं जाई, आणि यातून काय निघतंय म्हणून मीही टक लावून बसे.

सर ताईला म्हणाले, "प्रत्येकाला त्याचे शेजारी विचारून या." दोन वर्षं ताईने चारशे घरांचे उंबरे झिजवले. जाळं काढलं, तर नुसत्या रांगा. भिंतीला भिंत.

"ताप तर तीन गल्ल्या ओलांडून गेला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुझ्या रेघा भिंतीपाशीच अडतात गं."

"माहितीच कच्ची आहे," सर म्हणाले. "टाकून द्या. दुसरं कोणीतरी नेमू."

ताईची दोन वर्षं केराच्या टोपलीत चालली होती. ती मान खाली घालून वह्या आवरू लागली.

मला पुसायला येणाऱ्या मावशी त्याच वस्तीतल्या. फडकं हातात धरून त्या ताईला म्हणाल्या, "तुम्ही शेजारी विचारलेत, मी दोन्ही बाजूंची नावं सांगितली. पण त्यातल्या एकीचं तोंड मी तीन वर्षं बघितलेलं नाही. माझं उठणंबसणं सगळं टाकीजवळच्या बाईकडे."

"मग तिचं नाव का नाही सांगितलंत?"

"ती कुठे शेजारी? ती तर लांब राहते."

ताईने मान वर केली. माझ्या कोपऱ्यात, ती यायच्या आधीच, सरांनी चौकट आखून लिहिलं होतं: 'शेजारी: ज्याच्याशी रेघ जोडली आहे तो. पुसू नये.' मावशींनी ते इमानाने पुसलं नव्हतं. बाकीच्यांनी तितक्याच इमानाने वाचलं नव्हतं.

सरांच्या गणितात शेजारी म्हणजे जोडलेला माणूस, मग तो वस्तीच्या दुसऱ्या टोकाला का राहीना. लोकांच्या तोंडी शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचा. एका शब्दावर दोन वर्षं सगळ्यांनी माना डोलावल्या, पण "म्हणजे कोण हो?" एवढं विचारायला एकाचीही जीभ रेटली नाही. आणि ही म्हणे शिकलेली माणसं.

"अक्षर माझंच आहे," सर हळूच म्हणाले. "चूक तुमची नाही. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

ताई पुन्हा निघाली. या वेळी प्रश्न साधा होता: "काल कोणाकोणाजवळ बसलात?" पहिली रेघ मावशींनीच ओढली, स्वतःच्या ठिपक्यापासून थेट टाकीपर्यंत. वाकडी होती, पण तीन गल्ल्या ओलांडून गेली.

मित्रांनो, आता माझ्या जागी काचेचा फळा येणार म्हणतात. येऊ दे. मला जिन्याखाली ठेवा, छत्र्या टेकवा. फक्त माझा कोपरा पुसण्याआधी एकदा वाचा. आणि नाही समजलं, तर विचारा. दर वेळी सांगायला मावशी नसतात.