आठ तासांची हाक

सिरसाळ्यात धोंडप्पांचं आडत दुकान होतं. कापूस, तूर, ज्वारी. दुकानाच्या एका कोपऱ्यातली पोती हलवून त्यांच्या मुलानं, केदारनाथनं, दोन हजार पाच साली दोन कॉम्प्युटर मांडले आणि बाहेर पाटी लावली: 'इंटरनेट मिळेल'. धोंडप्पांना ते पटलं नव्हतं. जी वस्तू हातात घेऊन दाखवता येत नाही ती विकायची कशी, असा त्यांचा सवाल होता. पण बारावीचा निकाल लागला की दुकानात पाय ठेवायला जागा उरायची नाही, आणि तेवढ्यापुरती धोंडप्पांची कुरकुर थांबायची.

एके दिवशी सकाळी दगडाबाई आली. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. गावाबाहेरच्या माळावर तिचा सव्वाशे मेंढरांचा कळप होता. तिनं हाक मारली की मेंढरं माना खाली घालून मुकाट चालायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिचा धाकटा सोमनाथ मात्र उलटा. त्यानं हाक मारली की मेंढरं विरुद्ध दिशेला पळायची. त्याच वैतागानं तो एजंट गाठून, ड्रायव्हरची नोकरी म्हणून सौदीला गेला. तिथं उतरल्यावर अरब मालकानं त्याच्या हातात गाडीची किल्ली द्यायच्या ऐवजी तीनशे मेंढरं दिली.

"सोमाचा फोन आलता," दगडाबाई म्हणाली. "तितली मेंढरं त्याचं ऐकनात. माजी हाक पाठवा म्हनला. तुज्या मशीनीतून जाती का?"

"जाती की, मावशी. दोन मिनिटांचं रेकॉर्ड करू, ईमेलनं धाडू. तिकडं कुणाकडं कॉम्प्युटर हाय का?"

"कुट्टी म्हनून केरळचा दुकानदार हाय म्हनं." तिनं पदराच्या गाठीतून पत्त्याची चिठ्ठी काढली. "पर दोन मिनटात काय व्हतंय, केदारअप्पा? दोन मिनटात मेंढरू वाघराच्या जाळीतून बी भाईर निगत न्हाई."

"मग किती लागंल?"

"सकाळी काढायची, रस्त्यानं न्यायची, चारायची, पानी दावायचं, दुपारी बसवायची, उटवायची, माघारी आनायची. दिसभराचं हाय ते."

केदारनाथनं समजावून पाहिलं. नुसती 'चला' आणि 'थांबा' एवढ्या दोन हाका पाठवल्या तरी सोमनाथचं भागेल, असं तो म्हणाला. दगडाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो 'बरं, दिसभराचं करू' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिचा थोरला मुलगा बिभीषण गळ्यात टेपरेकॉर्डर अडकवून, खिशात कोऱ्या कॅसेटी भरून आईच्या मागं दिवसभर चालला. संध्याकाळी त्यानं आठ कॅसेटी केदारनाथसमोर ओळीनं मांडल्या. प्रत्येकीवर खडूनं आकडा घातला होता. बिभीषणाचा गळा पट्ट्यानं सोलून निघाला होता.

कॅसेटीतला आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवायचा तर आठ तासांच्या टेपला आठ तासच लागतात. केदारनाथनं सकाळी नऊला पहिली कॅसेट लावली. आवाज नीट उतरतोय का हे कळावं म्हणून स्पीकर चालू ठेवला. तो बाजाराचा दिवस आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

साडेनऊला पहिलं मेंढरू दारात आलं. दहापर्यंत चाळीस झाली. बाजारात विकायला आणलेली मेंढरं मालकांच्या हातातून दाव्यांसकट निसटून आडत दुकानापुढं येऊन उभी राहिली. सिरसाळ्याची, आसपासच्या वाड्यांची, कुणाकुणाची. टेपमधली दगडाबाई 'हुर्रर्र, सरा पुढं' म्हणाली की सगळी दोन पावलं पुढं सरायची. धोंडप्पा गादीवरून उठून ओट्यावर आले.

"केदार, ही कुणाची गिऱ्हाइकं?"

"अण्णा, मधेच बंद केलं तर पहिल्यापासून करावं लागंल."

बाराच्या सुमारास चौथी कॅसेट लागली. त्यात दगडाबाईनं जिभेनं टाळूवर तीनदा आवाज काढला, आणि दुकानापुढची सगळी मेंढरं परळीच्या रस्त्यावर आडवीतिडवी बसली. परळीहून आलेली एसटी थांबली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवून पाहिला. मालकांनी शेपटं पिरगाळून पाहिली. एकही मेंढरू हललं नाही. कुणीतरी जाऊन दगडाबाईला घेऊन आलं.

"मावशी, उठवा की," केदारनाथ काकुळतीला आला.

ती शांतपणे म्हणाली, "आत्ता कावून उटवू? दुपार हाय."

"ह्या गाडीत लोक खोळंबलेत."

"त्यांला बी बसू दे जरा."

टेपमध्ये ती दुपार दोन तासांची होती. अर्ध्या तासानं कंडक्टर खाली उतरून लिंबाखाली बसला. मग प्रवासी उतरले. एकानं डबा सोडला, ते बघून बाकीच्यांनीही सोडले. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून घोरायला लागला. धोंडप्पांनी आतून पाण्याची घागर पाठवली. खोळंबलेल्या लोकांचा आरडाओरडा होईल अशी केदारनाथला धास्ती होती. पण दोन वाजता टेपमधून 'उटा गं बायांनो' असा आवाज आला, मेंढरं उठली, आणि त्यांच्या मागोमाग प्रवासीही अंग झाडत उठले. एसटी गेली.

खरी अडचण पुढं होती. ईमेलला दहा एमबीच्या वर काही चालत नव्हतं आणि ही फाईल भरली एकशे नव्वद. दोन दिवस धुंडाळल्यावर केदारनाथला एक साईट सापडली. आपली फाईल तिथं ठेवायची, ते एक लिंक देतात, ज्याला ती लिंक मिळेल तो फाईल उतरवून घेतो. शंभर एमबीपर्यंत फुकट. सात दिवसांनी फाईल आपोआप पुसली जाते. त्यानं दगडाबाईला बोलावून सगळं समजावलं.

"सात दिस ती ठिवतेत कुटं?"

"अमेरिकेत. तिथं एक लई मोठा कॉम्प्युटर हाय."

"म्हंजी माजी हाक अमेरिकेत ऱ्हानार?"

"हां. तिथनं सौदीला."

"तितं राखन कोन करतं?"

"कुणीच न्हाई. पण लिंक आपल्याजवळ असती, दुसऱ्याला दिसत न्हाई."

तिला ते फारसं रुचलं नाही, पण चालवून घेतलं. "आता फक्त शंभरात बसवायची," केदारनाथ म्हणाला. "दुपारचे दोन तास रिकामेच हायेत. ते काढून टाकतो."

"रिकामं न्हाई ते," दगडाबाई म्हणाली. "मी गप बसलेली हाय त्यात. मी तितं हाय म्हनून तर मेंढरं बसतेत. काढलंस तर उन्हात फिरून मरतील."

केदारनाथनं ते दोन तास पुन्हा ऐकून पाहिले. वारा, बांगड्यांचा किरकोळ आवाज, एखादं खोकणं. आणि खरंच, कुणीतरी जवळ बसलंय असं वाटत होतं. त्यानं काही कापलं नाही. आवाजाचा दर्जा कमी करून फाईल शहाण्णव एमबीवर आणली.

फाईल चढवायला टेलिफोनच्या लाईनवर आठ तास लागणार होते, म्हणजे पुन्हा दिवसभरच. मधेच लाईन तुटली की सुरुवात शून्यापासून. पहिल्या दिवशी भारनियमनानं घोटाळा केला. दुसऱ्या दिवशी केदारनाथनं शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून इन्व्हर्टरला जोडली, तर पाच तासांनंतर धोंडप्पांनी कापसाचा भाव विचारायला फोन उचलला. दुकानाला लाईन एकच होती. रिसीव्हर उचलल्याबरोबर साठ टक्के फाईल हवेत विरली.

"मला काय ठावं," धोंडप्पा म्हणाले, "ती बाई माझ्या फोनमधनं चाललीय म्हणून."

तिसऱ्या दिवशी दगडाबाई स्वतः येऊन फोनच्या टेबलाशी जमिनीवर बसली. काठी आडवी मांडीवर. सकाळी आठपासून तिनं धोंडप्पांना फोनजवळ फिरकू दिलं नाही. जालन्याचे व्यापारी फोन लावून लावून थकले असतील. दुपारी धोंडप्पा तिच्यासमोर येऊन खुर्चीत बसले आणि दोघांनी मिळून पडद्यावरची निळी पट्टी सरकताना बघितली. ती फार सावकाश सरकत होती. धोंडप्पा मधूनच विचारायचे, "आता कुठवर आली?" आणि केदारनाथ सांगायचा, "पासष्ट टक्के." मग दगडाबाई म्हणायची, "म्हंजी पान्यावर गेली."

पावणेपाचला शंभर झाले. धोंडप्पांनी स्वतःच्या हातानं सगळ्यांना चहा ओतला.

लिंक कुट्टीला गेली. पण सोमनाथला तिथल्या गावात यायची मुभा फक्त शुक्रवारी, आणि त्या शुक्रवारी मालकाची पिकअप रेतीत रुतली. सात दिवस उलटले, अमेरिकेतली फाईल पुसली गेली. केदारनाथनं सगळं परत केलं. दगडाबाई परत येऊन बसली. धोंडप्पांनी ह्या खेपेला आदल्या दिवशीच व्यापाऱ्यांना कळवून टाकलं, की उद्या फोन करू नका, आमच्याकडं मेंढरं जाणार आहेत.

दहा दिवसांनी सोमनाथचा फोन आला. केदारनाथनं घेतला.

"केदारभाऊ, आली बघा. कुट्टीनं सीडी करून दिली. पैल्याच हाकेला तीनशेच्या तीनशे." सोमनाथ घाईघाईनं सांगत होता. "मालकानं पिकअपवर भोंगा लावलाय. मी आन् तो दोघंच पुढं बसतो."

"मग झ्याक झालं की."

"व्हय. पर एक हाय. सांजच्याला माघारी आनताना आई एकेका मेंढराचं नाव घेती ना, त्यात शेवटाला मला बी हाक मारती. 'सोमा, चल रं.' तिला रेकॉर्डचं ध्यान ऱ्हायलं नसंल. रोज सांजच्याला भोंग्यातनं. मालकाला काय कळत न्हाई. मेंढरं येतेत, आन् मी हितंच गाडीत बसल्याला."

केदारनाथनं ते ऐकलंच नव्हतं; ती शेवटची कॅसेट उतरत असताना तो उशिरा जेवायला घरी गेला होता.

आणखी महिनाभरानं पुन्हा फोन आला. मालकानं विचार केला होता. मेंढरं भोंग्याचं ऐकतात, पिकअप तो स्वतः चालवतो, मग ह्या माणसाचं काम काय? माणूस भला होता. त्यानं सोमनाथला जेवू घातलं, एक जाड घोंगडी आणि अत्तराची बाटली दिली आणि परतीचं तिकीट हातात ठेवलं.

केदारनाथ दोन दिवस अस्वस्थ होता. आपल्या दुकानातून गेलेल्या फाईलनं एका माणसाची नोकरी घालवली, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरेना. शेवटी तो माळावर गेला. दगडाबाई एका कोकराच्या पायातला काटा काढत होती. त्यानं जमेल तसं सांगितलं.

तिनं काटा काढून फेकून दिला. "कवा येतोय?"

"मंगळवारी."

"बरं," ती म्हणाली, आणि कोकराचा दुसरा पाय बघायला घेतला.

मंगळवारी सोमनाथ एसटीतून उतरला. केदारनाथनं त्याची बॅग घेतली आणि दोघं पायीच माळावर गेले. सोमनाथ वाळला होता, काळा पडला होता, आणि त्याच्या अंगाला अत्तराचा भारी वास येत होता. दगडाबाईनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. रडली नाही, जवळ घेतलं नाही. घोंगड्यावर जागा करून दिली, भाकरी सोडली, त्यावर ठेचा घातला.

तो खायला लागल्यावर तिनं विचारलं, "तितल्या मेंढरांची शेपटं कशी अस्त्यात?"

"लई रुंद. उशीएवढी. नुसती चरबी."

दगडाबाई विचारात पडली. "मंग बसतेत कशी?"

"आंदी शेपूट बाजूला सारतेत, मंग बसतेत."

"हां," ती म्हणाली. तिनं अजून एक भाकरी त्याच्या हातावर ठेवली आणि केदारनाथकडं वळली. "तू बी खा. उबा कावून हाईस?"